सात मिनिटांची पोच

बारामतीच्या जळोची भागातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात राजेश्वरीचं ईमेल सांभाळायचं काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. सगळं सुरळीत असलं की तिला कुणी विचारत नसे. ईमेल अडली की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तिच्या नावानं शंख करत. मुख्य सर्व्हर बारामतीत होता आणि इंदापूरच्या शाखेत त्याची नक्कल. इथं आलेली प्रत्येक मेल काही मिनिटांनी तिकडं उतरायची, म्हणजे हा बंद पडला तर तो उभा राहावा.

इंदापूरचा सर्व्हर ठेवला होता भीमरावांच्या खोलीत. भीमराव आवक-जावकचे कारकून. कागद आला की रजिस्टरात निळ्या शाईनं नोंद करायची आणि पाठवणाऱ्याला फोन लावून सांगायचं, "कागद पोचला बरं का." ही पोच दिल्याशिवाय गडी जेवायला उठत नसे. ईमेल आली तरी त्यांचा नेम सुटेना. शेवटी राजेश्वरीनंच त्यांना समजावलं होतं, "भीमराव, आता पोच मशीनच देतं."

ते हसले होते. "मशीन देतंय व्हय? आन् कागद खरंच जपून ठिवला का, ते कोण बघतंय?"

आषाढात भीमराव वारले. त्यांचं टेबल, रजिस्टर आणि तार काढून टाकलेला फोन तसाच राहिला. शेजारी सर्व्हर घरघरत राहिला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी बारामतीच्या सर्व्हरनं मान टाकली. डिस्क जळाली होती. चारी मजल्यांवरून फोन खणखणू लागले, तशी राजेश्वरीनं मागचापुढचा विचार न करता इंदापूरचा सर्व्हर कामाला लावला. दोन मिनिटांत मेल सुरू. सगळे खूश.

मग तिनं नीट पाहिलं. इंदापूरला उतरलेली शेवटची मेल अकरा वाजून बारा मिनिटांची होती. मधल्या सात मिनिटांत जे काही आलं, ते डिस्कबरोबर गेलं होतं. काय गेलं, किती गेलं, हेही कळायला मार्ग नव्हता. पाठवणाऱ्यांना बारामतीनं पोच देऊन टाकली होती, त्यामुळं पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. नक्कल थोडी मागे राहिली तरी चालेल, मुख्य काम अडू नये, असं ठरवलं होतं तिनंच.

तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"पोच द्यायची ऱ्हायली हुती, ताई. लिवून घ्या." आवाजामागं सर्व्हरची ओळखीची घरघर होती. "कळसच्या फुलाबाई. पुण्याच्या लॅबचा कागद हाय. पयला रिपोर्ट चुकलाय. बाईचं रगात गोठत न्हाय. आपरेशन करू नगा म्हणत्यात."

तिनं बॉलपेननं पाठकोऱ्या कागदावर खरडलं. "कोण बोलतंय?"

"कागद पोचला का, तेवढं सांगा."

"पोचला," ती म्हणाली. फोन बंद झाला.

फुलाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन बारा वाजता होतं. राजेश्वरी जिना धावतच चढली. फुलाबाई स्ट्रेचरवर पडून होत्या, डोक्याला हिरवी टोपी, बांगड्या सुनेच्या मुठीत. डॉक्टर वैदेही हात धुवायला निघाल्या होत्या. राजेश्वरीचा निरोप ऐकून त्या वैतागल्या, पण लॅबला फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"अकरा चौदाला मेल केली म्हणतात. पोचही मिळाली त्यांना."

स्ट्रेचर मागे फिरला. जाता जाता फुलाबाईंनी राजेश्वरीचा हात घट्ट धरला. "पोरी, लई उपकार झालं बग तुजं." मग हाताकडं बघत म्हणाल्या, "बोट कशानं भरलं गं?"

तर्जनीला निळी शाई लागली होती. शिक्क्याच्या पॅडला हात लागला असेल, असं म्हणून तिनं ते ओढणीला पुसलं.

दुपारी ती इंदापूरला गेली. सांगताना सर्व्हर तपासायचा आहे म्हणाली; खरं तर तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते. चौकीदार आप्पांनी कुलूप काढलं.

"आप्पा, आज इथं कुणी आलं होतं?"

"न्हाय बा. किल्ली माज्याच कनवटीला हाय."

आत शाईचा वास होता. फोनची तार टेबलाखाली गुंडाळून पडली होती. रजिस्टर उघडं होतं.

अक्षर भीमरावांचं. तारीख आजची. अकरा तेरापासून अकरा एकोणीसपर्यंत नऊ नोंदी. पाठवणाऱ्याचं नाव, फोन, विषय, सगळं जागच्या जागी. काहीसुद्धा हरवलं नव्हतं.

राजेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. "भीमराव, माझं चुकलं होतं. तुमच्यामुळं बाई वाचली."

शेवटचा रकाना पोच घेणाऱ्याच्या सहीचा. निदान सही तरी करावी म्हणून तिनं शाईचं पेन उचललं.

आठ रकाने कोरे होते.

फुलाबाईंच्या नावापुढं सही होती.

राजेश्वरीची. खालच्या दोन ठिपक्यांसकट.

सही करताना कुणाचं तरी बोट शाईवरून फिरलं होतं. तिनं आपली तर्जनी त्या डागावर ठेवून पाहिली. डाग तेवढाच होता, आणि अजून ओला होता.