रोल विथ द पंचेस

शहापूरच्या बॉक्सिंग हॉलमधला पंखा दुरुस्त करायला मुरबाडचा शाम शिडीवर चढला होता. खाली कुणाली सराव करत होती. समोरच्या मुलीचा हात सुटला, की हिची मान अलगद वळायची... वाऱ्यानं भाताची लोंबी वळावी तशी.

"रोल विथ द पंचेस!" सर सांगत होते.

बघता बघता शामच्या हातातला पेचकस निसटला. तो तिनंच उचलून दिला.

"सर काय बोलले ते?" त्यानं विचारलं.

"ये खाली, दाखवते."

तिनं हळूच ठोसा टाकला. हा ताठ उभा, ठोसा गालावरच बसला. ती खुदकन हसली. "ठोसा जातो तिकडंच जरा वळायचं रे. लागतं, पण मोडत नाय."

मग त्या पंख्यात दर आठवड्याला काही ना काही बिघडू लागलं. हळूहळू बोलणं वाढलं. ती खर्डीजवळच्या पाड्यावरची. नाक मोडलं तर हिला बायको कोण करील, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत.

"तेव्हा पण अशीच वळते," ती म्हणाली. "ऐकते. आत जाऊ देत नाय."

शामला वाटलं, ही बोलत राहावी आणि आपण ऐकत राहावं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र ती हरली. ओठ फुटलेला, तरी जिंकलेलीला तिनं आधी मिठी मारली. हरलीस तर खेळ बंद, असं तिचे वडील धाऊ यांनी आधीच बजावलं होतं. तिचं हॉलवर येणं थांबलं.

शामला राहवेना. ती रडत बसली असेल, या काळजीनं तो पाड्यावर गेला. अंगणात आंब्याला पेंढ्यानं भरलेलं पोतं टांगलं होतं, आणि कुणाली पाड्यावरच्या पोरींना ठोसे शिकवत होती.

"बाबांनी खेळू नको सांगितलंय," ती डोळे बारीक करून म्हणाली. "शिकवू नको, असं कुठं सांगितलंय?"

वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं शाम विसरला. "कुणाली... तू मला लय आवडतेस."

तिनं हातावरची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. पोरी तोंड दाबून हसू लागल्या.

ओट्यावर बसून लेकीचं शिकवणं बघत असलेले धाऊ उठून पुढे आले.

"कोणाचा रे तू?"

शाम बापाचं नाव सांगणार, तोच कुणाली म्हणाली—

"माझा."