गुणाबाईचा अंगठा

पीएसआय पूर्णिमा हुंदरे वडगावच्या त्या क्रेडिट सोसायटीत शिरली तेव्हा काउंटरची काच फुटून फरशीवर पसरली होती. जिनं ती फोडली ती बाई पळाली नव्हती. समोरच्या बाकावर पितळी डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"कुणी फोडली?"

"मी. ह्याच डब्यानं," बाई म्हणाली. "मॅनेजरचं डोस्कं वाचलं तेवढंच. लिवून घ्या, मॅडम."

ही गुणाबाई कामकर. घरात दोन यंत्रमाग, साड्या विणते. नवरा गेल्यापासून रोजची पिग्मी, म्हणजे दिवसाला थोडे थोडे पैसे, भरून तिनं ह्या सोसायटीत ठेव केली होती. एका मागाची मोटर जळली, म्हणून आज ती ठेव मोडायला आली. काउंटरवरच्या रक्षानं कॉम्प्युटरात बघितलं आणि सांगितलं, "आक्का, ठेव मोडता येत नाही. तिच्यावर तुम्ही ओव्हरड्राफ्ट काढलाय. वर चार्जेस पडलेत."

ठेव तारण ठेवून खात्यात नसलेले पैसे उचलायचे, ह्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. गुणाबाईनं तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. मग पुढची यादी ऐकली. व्याज. मर्यादा ओलांडली म्हणून दंड. दंडावर कर. नोटीस पाठवल्याचा खर्च. नोटीस घरी कधी आलीच नव्हती, खर्च मात्र न चुकता आला होता. ठेव गिळून वर आणखी तिनंच भरायचं! आता डबा फेकेल नाहीतर काय करेल बाई?

मॅनेजर राजकुमार केबिनमधून बाहेर आला. गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, काचेचं जाऊ द्या. आक्का आपल्याच आहेत. पण त्यांच्या घरातच चोर आहे, त्याचं बघा."

"पैसे कसे गेले ते आधी सांगा," पूर्णिमा म्हणाली.

"अंगठ्यानं. खाते नंबर घालायचा, मशीनवर उजवा अंगठा ठेवायचा. जुळला तर मशीन नाव घेऊन नमस्कार म्हणतं, मगच पैसे मिळतात. हे बघा मशीन." त्यानं खिशातून फोन काढला, अंगठा टेकवून उघडला आणि फोटो दाखवला. मुठीएवढं काळं यंत्र होतं. "दर वेळी आक्कांच्या खात्याला लावलेलाच अंगठा जुळलाय."

"मी कवा आलते पैसे काढायला?" गुणाबाई ओरडली.

"मशीन असतं कुणाकडं?" पूर्णिमानं विचारलं.

"दिवसा बसवंतकडं. आमचा पिग्मी एजंट, दारोदार फिरतो. संध्याकाळी ते इथं ऑफिसात असतं." राजकुमारनं आवाज खाली आणला. "आणि बसवंत कुणाचा दोस्त? महादेवचा. आक्कांच्या पोराचा. आई झोपली की तिचा अंगठा मशीनवर टेकवायला असा काय वेळ लागतो? मेसेजही त्याच्याच मोबाईलवर जातात. आणि त्यानं नवी मोटरसायकल घेतलीय. कुठल्या पैशानं, विचारा आक्कांना."

गुणाबाईचा आवाज एकदम बसला. "मी इचारलं त्याला. सांगितलं न्हाय त्यानं."

राजकुमारनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. महादेवच्या नावानं चोरीची तक्रार होती. "ही दिली तरच चार्जेस माफ करायचं बघता येईल. आक्का, सही नसली तर अंगठा उठवा."

"माझ्या सहीला काय धाड भरलीया? मला सही येतीया!" गुणाबाईनं पेन ओढून घेतलं. "पोटच्या पोरानं माझी ठेव खाल्ली व्हय? जाऊ दे आत. मला असलं पोरगं नको."

पूर्णिमानं कागदावर पालथा हात ठेवला. ही सही झाली असती तर पोरगा आज कोठडीत गेला असता, आणि आईनंच घातला असता.

"तक्रार मी घेते ना? मग मी उद्या सकाळी घेईन. आज नाही."

---

महादेव घराबाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. आईनं आत यायला बंदी घातली होती.

"गाडीचे पैसे कुठनं आणलेस रं?" पूर्णिमानं विचारलं.

"भाजीचा टेम्पो चालवतो मॅडम. कणकुंबीवरनं गोव्याला. मालकानं हप्त्यावर घेऊन दिली, पगारातनं कापून घेतो."

"आईला का सांगितलं नाहीस?"

"तिनं गोव्याची लाईन करू नको म्हणून शपथ घातलीया. त्या घाटात आमचे आप्पा, माझे वडील, अपघातात गेले." त्यानं मान वळवली. "बोलली असती, रडली असती. म्हणून गप बसलो. चोर म्हणंल असं वाटलं न्हवतं."

"सोसायटीचे मेसेज?"

"पयले यायचे. आता कवापास्नं बंद झालेत. मला वाटलं, त्यांनीच बंद केले असतील."

पूर्णिमा आत गेली. एक माग गप्प उभा होता, दुसरा खडाखडा चालला होता. गुणाबाई रागारागानं त्याच्यावरच वाकली होती. ताण्यातला उभा धागा तुटला. तिनं माग थांबवला, दोन टोकं चिमटीत धरली आणि अंगठ्यानं पीळ देऊन सांधली. बघता बघता झालं. लगेच दुसरा तुटला.

"दिवसभर हेच?"

"जन्मभर हेच. सूत लई खराब यायलंय."

"रेशन आणायला कोण जातं, आक्का?"

"त्योच मुडदा." तिनं बाहेर हात केला. "माझा अंगठा त्या दुकानातलं मशीन घेत न्हाय. ह्या गल्लीत कुठल्याच बाईचा घेत न्हाय. लिंबू चोळा, खोबरेल लावा, काय बी करा."

पूर्णिमानं तिचा हात हातात घेतला आणि दारातल्या उजेडात धरला. अंगठ्याचं टोक काचेसारखं गुळगुळीत होतं, रेषा उरल्याच नव्हत्या.

"आणि सोसायटीत कसं घेतलं?"

"देवळात शिबिर लावलं होतं, सगळ्यांचे अंगठे घ्यायला. बसवंतानं माझा अंगठा धरून दाबला, परत दाबला. मग म्हणाला, जावा आक्का, झालं."

"तिथं आणखी कोण होतं?"

"रक्षा नावं लिवत होती. मॅनेजर सगळ्यांस्नी च्या देत फिरत होता. लई गोड माणूस वाटला बगा."

---

बसवंत पिग्मी गोळा करत शहापुरात सापडला. गुणाबाईचं नाव काढताच त्याला घाम फुटला.

"शिबिरात तिचा अंगठा मशीननं घेतला होता?"

"न्हाय मॅडम."

"मग झालं म्हणून का सांगितलंस?"

"किती येळ उभं करायचं म्हाताऱ्यांस्नी? निम्म्या बायकांचं घेत न्हवतं. मशीन तसंच ऑफिसात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळ्यांचं पुरं झालेलं. मला वाटलं, कॉम्प्युटरातनं काय तरी केलं असंल."

"ऑफिसात त्या संध्याकाळी कोण होतं?"

"मी ठेवून गेलो. रक्षा होती, साहेब होते."

"आणि तू परत गेला नाहीस कशावरून?"

बसवंत पिग्मीची वही उलटसुलट चाळायला लागला. पूर्णिमा भडकली. गावाकडं, बेळगुंदीत, तिची स्वतःची आईही अशीच कुणीतरी 'झालं' म्हटलं की मान हलवून घरी येत असेल. झालं म्हणे! काय झालं, कुणाचं झालं, विचारायची सोय नाही.

तिनं तिथूनच राजकुमारला फोन लावला.

"उद्या सकाळी मशीन घेऊन सगळे हजर राहा. सगळ्यांचे उजवे अंगठे तपासायचे आहेत."

"बरं मॅडम," पलीकडून गोड आवाज आला. "बसवंतला सोडू नका फक्त."

---

सकाळी सोसायटीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती, विणकर बाया पुढंच उभ्या होत्या. महादेव दाराबाहेर होता. आई त्याच्याकडं बघत नव्हती. तक्रारीचा कागद टेबलावर तसाच होता, आणि राजकुमारनं टोपी काढून शेजारी पेनही ठेवलं.

पूर्णिमानं मशीनमध्ये गुणाबाईचा खाते नंबर घातला.

"आक्का, ठेवा अंगठा."

मशीन किरकिरलं. 'ओळख पटली नाही.'

"पुसून ठेवा. परत."

'ओळख पटली नाही.'

गर्दीत कुजबुज झाली. राजकुमार हसला. "बोट झिजलंय मॅडम, कधी घेतं, कधी घेत नाही."

"तीच गंमत आहे," पूर्णिमा म्हणाली. "जागी असताना, धुतलेला, दाबून ठेवलेला अंगठा जे मशीन घेत नाही, ते झोपलेल्या आईचा कसा घेईल? तेही दर वेळी? महादेवनं चोरायचं म्हटलं तरी ह्या अंगठ्यानं चोरता येत नाही. त्याचा उपयोगच नाही. म्हणजे ह्या खात्याला लावलेला अंगठा गुणाबाईचा नाहीच. तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. बसवंत, ये पुढं."

बसवंतनं अंगठा ठेवला. 'ओळख पटली नाही.'

मग रक्षानं ठेवला. 'ओळख पटली नाही.'

"आता साहेब."

राजकुमारनं उजवा हात वर केला. अंगठ्याला जाडजूड पट्टी होती. "काल संध्याकाळी दारात चिमटला. डॉक्टरांनी उघडू नका म्हणून सांगितलंय."

"काल दुपारी ह्याच अंगठ्यानं माझ्यासमोर फोन उघडलात. चांगला होता."

"संध्याकाळी म्हटलं ना मॅडम!"

"माझा फोन आल्यावर, व्हय?" पूर्णिमाचा आवाज चढला. "मी उजवे अंगठे म्हणाले आणि उजवाच चिमटला. आणि आत्ता पेनची टोपी कुठल्या हातानं काढलीत? त्याच अंगठ्यानं, आणि तोंड वाकडंसुद्धा केलं नाहीत."

राजकुमार मागं सरकला. मागं गुणाबाईच उभी होती. विणकर बाईची चिमूट ती. तिनं पट्टीचं टोक धरलं आणि सर्रकन् ओढलं. आत धड, साधा, नुसतं मलम लावलेला अंगठा होता. ओरखडासुद्धा नव्हता.

"ठेवतोस का ठेवू?" ती म्हणाली. मग वाट न बघता तिनं त्याचं मनगट पकडलं. बसवंतनं न सांगता आपल्या रुमालानं मलम पुसलं. तिनं अंगठा मशीनवर दाबला, शिबिरात बसवंतनं तिचा दाबला होता तसाच.

मशीन गोड आवाजात बोललं. 'नमस्कार, गुणाबाई कामकर.'

कुणी हसलं नाही.

"शिबिरात ज्यांचे अंगठे उमटले नाहीत," पूर्णिमा म्हणाली, "त्यांच्या नावावर ह्यानं त्या संध्याकाळी स्वतःचा लावला. सुरुवातीला कदाचित काम उरकायला असेल, हेड ऑफिसला सगळं पुरं दाखवायला. मग ह्याच्या लक्षात आलं की गल्लीतल्या बायकांच्या ठेवींची किल्ली आपल्या हाताला फुटलीय. मोबाईल नंबर बदलायलाही इथं अंगठाच लागतो, ह्यानं तोही बदलला, म्हणून महादेवचे मेसेज बंद झाले. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मंजूर करणारा हाच, उचलणाराही हाच. व्याज चढून मर्यादा ओलांडली, चार्जेस आपोआप पडायला लागले, तिथं सापडला. म्हणून घाईनं पोराच्या नावाची तक्रार. आईनं पोराला आत घातलं की पुढं कोण विचारणार?"

"मॅडम, मी भरणार होतो..."

"माझ्या नावाचं घाल गं!" मागून एक म्हातारी ओरडली. पूर्णिमानं तिचा नंबर घातला. गुणाबाईनं मनगट सोडलंच नव्हतं. 'नमस्कार, शांताबाई ढवळी.' मग तिच्या जावेचा. मग समोरच्या घराचा. यंत्र एकेकीला नमस्कार करत गेलं, आणि दर नमस्काराला गर्दी एक पाऊल पुढं येत गेली. शेवटी पूर्णिमानंच राजकुमारला ओढून बरोबर आणलेल्या हवालदारामागं उभं केलं, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

"आक्का," तो पुटपुटला, "तुमचा पैसा न् पैसा परत देतो."

"पैसा तू देशील रं. तुझा बा बी देईल," गुणाबाई म्हणाली. राग आता तिच्या डोळ्यांतून वाहत होता आणि ती तो पुसत नव्हती. "पण काल ह्या हातात पेन घेतलं होतं मी. माझ्या लेकराला चोर म्हणून लिवून द्यायला निघाले होते. ते कशानं भरून देणार हाईस?"

हवालदारानं राजकुमारच्या दंडाला धरलं.

गुणाबाईनं टेबलावरचा कागद उचलला, टराटरा फाडला आणि दाराकडं गेली. महादेव अजून उंबऱ्याबाहेरच होता.

"घाटात गाडी हळू चालवत जा," ती म्हणाली. "आनि चल घरला. जळलेली मोटर खोलायला मला दुसरं कोण हाय?"