रुचाची टर्बो

"त्यातलं पहिलं तर मुळीच घेऊ नका."

रुचाने दचकून मान वर केली. मिरजगावच्या पेट्रोल पंपावर गाडीचं बॉनेट उघडं टाकून ती मोबाईलवर गाडीची ताकद वाढवणारी दोन यंत्रं ताडून बघत होती. शेजारी आपल्या बाइकच्या टायरमध्ये हवा भरणारा एक तरुण खुशाल तिच्या स्क्रीनमध्ये डोकावत होता.

"मी विचारलं का तुम्हाला?"

"न्हाई. पण टर्बो गाडी दिसली, राहवलं न्हाई." तो हसला. गालावर ग्रीसचा पट्टा होता. "हा डबा सेन्सरच्या वायरीत बसतो अन् इंजिनाला खोटं सांगतो. दुसऱ्यानं इंजिनाचा प्रोग्रॅमच बदलता येतो. खोट्यावरबी गाडी पळते, पण लई दिवस न्हाई."

"आणि प्रोग्रॅम बदलणारा चांगला भेटलाच नाही तर?"

"भेटला की... आत्ताच."

हर्षल कर्जतकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. नगर-भिंगार रस्त्याला त्याचं छोटं गॅरेज होतं. रुचा भिंगारचीच, लष्करी कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकुनाची मुलगी. एमआयडीसीत नोकरी करून तिने ही जुनी टर्बो घेतली होती, ती एकाच वेडापायी. जानेवारीत पुण्याजवळ मुलींच्या रेसिंग टीमची निवड चाचणी होती, आपापल्या गाडीवर. निवड झाली तर दोन वर्षं कोइम्बतूर. वयाची अट पंचविशीच्या आतली, आणि फेब्रुवारीत तिला पंचवीस पूर्ण होणार होती.

तिने दुसरं यंत्र घेतलं. हर्षलने प्रोग्रॅम बदलला आणि गाडी अशी काही उसळली की रुचा ओरडलीच. मग दर रविवारी त्याच्या मित्राच्या माळावर सराव सुरू झाला. ती गाडी पळवायची. तो शेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"रीडिंग बघ ना. माझ्याकडे काय बघतोस?"

"रीडिंग पाठ झालंय."

"आणि मी?"

"तू... रोज येगळी दिसतीस."

ती हसून गिअर टाकायची. त्याचा हात तिच्या हाताला लागायचा आणि दोघांपैकी कुणालाच तो काढायची घाई नसायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी हर्षल म्हणाला, "एकदा शेवटचं बघून घेतो," आणि त्याने गाडी तासभर ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत रुचाने गाडी जपून, हळूच नेली. चाचणीत तिने वळणं अचूक घेतली, पण सरळ रस्त्यावर गाडी ओढेचना. ती अर्ध्या सेकंदाने हुकली. टीमच्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडून पाहिला. "ताई, हा तर कंपनीचाच मूळ प्रोग्रॅम आहे. यात काही बदललेलंच नाही."

ती तडक गॅरेजवर आली. हर्षल हात पुसत उठला, तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा बसला.

"का केलंस?"

"इंजिन लई तापत होतं. तुला काही झालं असतं तर..."

"खरं सांग."

तो बोटांवरचं काळं चोळू लागला. "तू गेली असतीस, रुचा. तिकडं गेलेलं माणूस इकडं कशाला परत येतंय? मला... मला तू पायजे हुतीस."

तीन महिने ती हे ऐकायला आसुसली होती. आज ऐकलं, आणि आत काहीच हललं नाही.

"निवड झाली असती तर पहिला फोन तुलाच करणार होते," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर, म्हणणार होते. तिथे ट्यूनिंगवाला लागतो. मी विचारूनही ठेवलं होतं."

हर्षलच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आपला प्रोग्रॅम हाय माझ्याकडं. आत्ता टाकतो, पाच मिनिटांत..."

"आता कुठे जायला?"

ती गाडीत बसली. त्याने खिडकीवर हात ठेवला. तो काढेपर्यंत ती समोर बघत थांबली, मग काच वर केली.

घरी आईने दारातच विचारलं, "काय गं, गाडीनं दगा दिला का?"

"नाही," रुचा म्हणाली, आणि चपला काढता काढता उंबऱ्यावरच रडत बसली.