कैलासकाकाचा उलटा वैमानिक

ही घटना शंभर टक्के खरी आहे. नालवाडीच्या प्रफुल्लने कैलासकाकाचं विमान बिघडवलं, आणि काकाने स्वतः येऊन ते दुरुस्त केलं.

काका तेव्हा हयात नव्हता.

...नाही. असं काही झालंच नाही. प्रफुल्लचे वडील बापूराव यांनी घरात तसं ठरवून टाकलंय. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

गेल्या वर्षीचा मे महिना. भुतं रात्री निघतात म्हणे. पण मे महिन्यात वर्धेच्या रस्त्यांवर दुपारी जेवढा शुकशुकाट असतो, तेवढा रात्री मसणातही नसतो. भुतालाही सोय बघावी लागते.

विमान प्लॅस्टिकचं. खोक्यात सुटे भाग येतात, ते चिकटवून जोडायचं. काकाने तरुणपणी नागपूरहून आणलेलं. खोक्यावरच्या चित्रात ते महायुद्धातलं, करड्या रंगाचं. काकाने ते निळं रंगवलं. पंखांवर हाताने अशोकचक्रं काढली. आरे एकीकडे दाट, एकीकडे विरळ.

आणि वैमानिक उलटा बसवला. शेपटीकडे तोंड करून.

"जाताना घर दिसत राह्यलं पायजे," असं काकाचं म्हणणं. पुलगावला कामावर जातानाही तो गाडीत उलट्या तोंडाच्या सीटवरच बसायचा.

काका गेल्यापासून दरवर्षी पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाला धुरपताकाकू ते विमान नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवायची. त्या वर्षी त्याचं चाक निखळलं होतं.

"तू हे विमानं बनवतं नं? एवढं चाक चिकटवून दे बापा. बाकी हात नको लावू."

प्रफुल्लने मान डोलावली. आणि घरी येऊन बाकी सगळ्याला हात लावला.

आधी त्याने विमानाचा फोटो मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. लोक खूप हसले. एकाने लिहिलं, 'पायलट कुठं चालला भाऊ, माहेरी?'

प्रफुल्लही हसला. हसणारा इमोजी त्यानेही टाकला. स्वतःच्या काकावर.

मग पॉलिश पेपरने निळा रंग खरवडला. फटी पुट्टीने भरल्या. करडा रंग मारला. वैमानिक उपटून सरळ बसवला आणि वरचं काचेचं झाकण पक्कं चिकटवलं.

दुपारी लाइन गेली. कूलर थांबला.

आणि ऐकू आलं...

खर्र... खर्र...

पॉलिश पेपर घासल्याचा आवाज.

पॉलिश पेपर प्रफुल्लच्याच हातात होता. हात थांबलेला होता.

खर्र... खर्र...

"हळू घासा, प्लॅस्टिक झिजते," तो सवयीने बोलून गेला. मग त्याच्या लक्षात आलं, खोलीत आपण एकटेच आहोत.

आवाज हळू झाला.

संध्याकाळी त्याने बघितलं. झाकण बंद. चिकटवलेलं तसंच्या तसं. आत वैमानिक...

शेपटीकडे बघत होता.

झाकण उचकटून प्रफुल्लने त्याला सरळ केलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उलटा. शेवटी प्रफुल्लने त्याला काढून एका डबीत कोंडलं. डबीत तो कोणीकडे बघतोय, ते बघायची मात्र हिंमत झाली नाही.

पुण्यानुमोदनाचा दिवस आला. घर पाहुण्यांनी भरलेलं. प्रफुल्लने विमान काकूच्या हातात दिलं. करडं, गुळगुळीत, देखणं. आत रिकामी खुर्ची.

काकूने ते फिरवून फिरवून पाहिलं.

"हे कोनाचं होय?"



"काऊन बे," बापूराव दातओठ खात पुटपुटले, "हात लावू नको म्हटलं होतं नं तुले?"

प्रफुल्लला वाटलं, जमिनीने गिळावं. जमीन फरशीची होती. काकूने तरीही ते विमान फोटोपुढे, पांढऱ्या कापडावर ठेवलं.

त्रिसरण-पंचशील सुरू झालं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले.

आणि मधेच...

खर्र... खर्र... खर्र...

सगळ्यांनी ऐकलं. म्हणायचं कोणीच थांबवलं नाही. उलट आवाज चढवला.

डोळे उघडले तेव्हा विमान निळं होतं.

चक्रं जागेवर. आरे एकीकडे दाट, एकीकडे विरळ. पांढऱ्या कापडावर करड्या भुकटीचा थर. आणि खुर्चीत वैमानिक, उलटा. काकूकडे बघत.

डबी प्रफुल्लच्या खिशात होती. रिकामी.

त्याने जोडलेले हात सोडले. दोन्ही तळवे करड्या भुकटीने माखलेले...

काकूने ते हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते.

"तूच केलं नं पुन्हा नीट? मंगाशी मले करडंच दिसलं. डोये गेले माये. लय मेहनत घेतली रे बापा तू."

सगळे पाहुणे प्रफुल्लकडे कौतुकाने बघत होते. खरं सांगायला हाच क्षण होता.

"हो काकू," प्रफुल्ल म्हणाला.

फोटोतल्या काकाकडे त्याने पाहिलं नाही. आजही पाहत नाही.

दुसऱ्याच दिवशी बापूरावांनी काकूचे डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत निघाले. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

प्रफुल्ल अजूनही विमानं बनवतो. वैमानिक सरळ बसवतो. सकाळी तो उलटा असतो. आता प्रफुल्ल त्याला हात लावत नाही. फक्त कूलर थांबला की खोलीतून उठून जातो.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती की, कैलासकाका यांस शेपटीकडे तोंड करून विमान चालवण्याचा कायमस्वरूपी परवाना देण्यात यावा. आणि 'हो काकू' हे अर्जदाराचे दोन शब्द पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावेत.