चित्र छतावरून, आवाज पायरीवरून

मंगळवार होता. चुन्यात भिजवलेला मका मी परसात धूत होते, तेवढ्यात चौकातल्या भोंग्यातून माझं नाव आलं. "ओतिलियाबाई, उत्तरेकडून फोन आहे. दहा मिनिटांत परत लावतील."

मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या आमच्या डोंगरात तेव्हा घरोघरी फोन नव्हते. हात पुसून मी निघाले. माझा नवरा एवेलियो वारून दहा महिने झाले होते. भोंग्यातून बोलावणं आलं की मी धावत सुटायचे, तेही आता थांबलं होतं.

फोनवर लॉस एंजेलिसहून धाकटा दीर नासारियो होता.

"वहिनी, दादाची ती कॅसेट सापडली. गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे."

"तूच हरवली होतीस ना ती?"

"हो," तो म्हणाला. "मीच."

एवेलियो गावच्या जत्रेचं चित्रीकरण करून उत्तरेला, अमेरिकेत गेलेल्या आमच्या माणसांना टेपा पाठवायचा. त्याच्या शेवटच्या जत्रेत कॅमेऱ्याचा माइक बंद पडला. मग त्यानं चित्र शाळेच्या छतावरून घेतलं, आणि आवाजासाठी साधा टेपरेकॉर्डर चर्चच्या पायरीवर, बँडच्या पायाशी ठेवून दिला. त्या दिवशी बँडमास्तर फिलेमोन यांनी स्वतः रचलेली एक धून वाजवली होती. पहिल्यांदा, आणि शेवटच्यांदाही. त्या हिवाळ्यात बँडची खोली जळाली, तिच्यात स्वरलिपीची वही गेली, आणि वसंतात मास्तर गेले. एवेलियोनं त्यांना शब्द दिला होता, चित्र आणि आवाज जोडून देतो म्हणून. आवाजाची कॅसेट नासारियो ऐकायला म्हणून उत्तरेला घेऊन गेला होता; चित्राची टेप माझ्या कपाटात होती. तिच्यात चाळीस माणसं गाल फुगवून, बोटं नाचवून वाजवत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

एवेलियोच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेला, तीच धून वाजवायची, असं बँडनं ठरवलं होतं. धून नव्हती एवढंच.

तीन आठवड्यांनी कॅसेट आली. फीत बोटाला लागली की तपकिरी भुकटी सुटायची. फार तर दोन-तीनदा सुरुवात वाजवून बघता आली असती. धून मात्र एकदाच.

शनिवारी दुपारी दॉन मेलितोन आले. बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे खर्जाचा मोठा पितळी कर्णा, वाजवणारे, माझ्या मुलीचे धर्मपिता. म्हणून मी त्यांना कोंपाद्रे म्हणे, ते मला कोमाद्रे. चित्राच्या मशीनची पिवळी वायर आणि कॅसेटच्या डेकच्या लाल-पांढऱ्या वायरी मी तिसऱ्या मशीनला जोडल्या. ते मशीन दोन्ही एकत्र डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवणार होतं.

"दोन्ही एकदम सुरू कशी करायची?" मेलितोननी विचारलं.

"बाणावरून. एवेलियो तसंच करणार होता."

आमच्याकडे शोभेच्या दारूचा बाण सुटल्याशिवाय मिरवणूक हलत नाही. चित्रात घंटाघराच्या खूप वर धुराचा पांढरा गोळा उमटला, तिथे टेप थांबवली. कॅसेटवर 'धाड' झालं, तिथे ती थांबवली. मग दोन्ही बटणं एकदम सोडली.

मोठा ढोल वाजला. चित्रातल्या ढोलकऱ्याची काठी अजून वरच होती.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा आधी आवाज, मग काठी. खिडकीत धुकं येऊन टेकलं होतं. ओल्या लोकरीसारखा त्याचा वास खोलीभर पसरला. घाव बसण्याआधीच ढोल बोलत होता, आणि मेलितोन नकळत भिंतीकडे सरकले.

"कोमाद्रे… हे बरं नाही."

"थांबा," मी म्हटलं. शाळेत वीस वर्षं मी हेच शिकवत होते. "धूर लगेच दिसतो. आवाज मात्र वरून चालत पायरीपर्यंत येतो, उशिरा. आपण त्याला धुरापाशी ओढून आणला, म्हणून सगळंच पुढे गेलं. बाण खोटा बोलतो, कोंपाद्रे."

"म्हणजे इतकी वर्षं आपण बाणाच्या भरवशावर मिरवणुका काढल्या…"

"कॅसेट अर्धा सेकंद मागून सोडायची."

तशी सोडली. काठी पडली, ढोल वाजला. मेलितोननी टोपी काढून मांडीवर ठेवली. "फिलेमोन आम्हाला शिव्या घालायचा, उशिरा शिरता म्हणून," ते म्हणाले. "आता बघू म्हणा."

धून सुरू झाली. डेक पहिल्यापासून थोडा ओढत होता. त्याच्या पाठीत वेग सांभाळणारा एक बारीक स्क्रू असतो. मी त्यात पेचकस रोवून काठीकडे बघत राहिले, आवाज मागे पडला की केसभर फिरवत राहिले. सात मिनिटांची धून. चौथ्या मिनिटाला दिवा मंदावला.

"गिरणी," मेलितोन पुटपुटले.

मक्याच्या गिरणीवाल्या एउलालियाला मी बजावलं होतं, दुपारी गिरणी बंद ठेव म्हणून. पण उद्या बारसं होतं कुणाकडे तरी. गिरणी सुरू झाली की गावाची वीज अर्धी तिकडे जाते. सनया-क्लॅरिनेट रडक्या झाल्या, ट्यूबा चिखलात रुतल्यासारखा झाला. मी स्क्रू फिरवला; जास्त फिरला. उलट फिरवला. फितीवरून भुकटी गळत होती, आणि परत संधी नव्हती.

तेव्हा पेचकस माझ्या बोटांत फिरला. मी फिरवला नव्हता. अगदी सावकाश, ज्याला घाई करायची गरज नाही अशा माणसासारखा. मी बोटं सोडली. तो तसाच, पेचाच्या खाचेत उभा… थोडा इकडे, थोडा तिकडे. खोलीत दारूच्या जळक्या बाणाचा वास आला.

"कोमाद्रे, हात…"

"माझा हात मांडीवर आहे, कोंपाद्रे."

आम्ही दोघंही हललो नाही. काठी पडायची आणि ढोल बोलायचा, शेवटच्या घावापर्यंत. मग फीत तुटली.

मेलितोन रडत होते आणि हसतही होते. "माझा चुकलेला सूरसुद्धा आलाय," ते म्हणाले. "ऐकलात? आता पोरं मला जगू देणार नाहीत."

त्या तबकडीवरून बँडनं पाच आठवड्यांत धून बसवली. मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर चाळीस जणांनी ती वाजवली, तेव्हा खालच्या गावचे लोक वाट चढून आले. नासारियो उत्तरेहून आला होता. ट्यूबाजवळ उभा राहून तो तोंड झाकून रडला. फिलेमोन मास्तरांच्या म्हाताऱ्या बायकोनं माझा हात धरला आणि धून संपेपर्यंत सोडला नाही. मग ती म्हणाली, "पुन्हा वाजवा." त्यांनी पुन्हा वाजवली, आणि पुन्हा. त्या दिवशी मला माझा नवरा गेल्यासारखं वाटलं नाही. काम पुरं करून घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ग्रामकचेरीत सगळ्यांनी तबकडी बघितली. चौथ्या मिनिटाला, ढोलांच्या मधे, कुणीतरी अगदी जवळून बोललं. "हळू… हळू… हां, सोड आता."

आवाज एवेलियोचा होता. माझ्या घरात त्या दुपारी आम्हाला दोघांनाही ते ऐकू आलं नव्हतं, आणि पाच आठवड्यांच्या सरावातही कुणाला नाही.

"तो पायरीवर नव्हताच," मेलितोन खालच्या आवाजात म्हणाले. "तो छतावर होता. बघा ना, कॅमेरा हलतोय."

त्यानंतर तो आणखी काहीतरी बोलतो. एक वाक्य, माझं नाव घेऊन. बाकीचं ट्यूबाच्या खाली दबलंय. नासारियो म्हणतो, नीट आवाज वाढवला तर कळेल, दहा मिनिटांचं काम आहे.

मी अजून आवाज वाढवलेला नाही.