हजार ओहम

सलग तिसऱ्या दिवशी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान संपली आणि ब्रेकर पडला. मी पुन्हा लोखंडी शिडी चढायला लागलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे प्रत्येक पायरीला बोंब मारतात, पण ब्रोंदोंग बंदरातल्या या बर्फाच्या कारखान्यात वायरमन मी एकटाच. आता कंटाळा यायचाही कंटाळा आलाय.

"पाक कार्सोनो!" खालून मॅनेजर हार्तोयो ओरडला. इथे वडीलधाऱ्याला पाक म्हणतात. "लग्न लावताय का वायरींचं? पंधरा बोटी बर्फाला खोळंबल्यात. डायरेक्ट करा की सरळ!"

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय?

फेब्रुवारीत मी तेच केलं होतं. विजेची गळती पकडणारा हा ब्रेकर तासातासाला पडत होता, म्हणून तो वगळून दोन तारा एकमेकींना पिळल्या, वरून टेप गुंडाळली. चौथ्या दिवशी, दुपारच्या पाळीत, डबे उचलणाऱ्या क्रेनच्या बटणांच्या पेटीला क्रेन चालवणारा वारसिदी ओल्या पायांनी चिकटला, तो गेलाच. पोलिस यायच्या आत मी टेप सोडवली. कुणाला कळलं नाही. त्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर त्याची बायको सुमियाती त्याच क्रेनवर कामाला लागली. तेव्हापासून मला एकच धास्ती आहे: आता ही बाई माझ्या हातून मरायला नको.

वर टाकीवरच्या फळ्यांवर ती गमबूट घालून उभी होती. फळ्यांखाली मिठाच्या पाण्यात बर्फाचे डबे. सगळीकडे पांढरं हिव धरलेलं.

"सापडलं का, पाक?"

"नाही गं बाई. तू लांब उभी राहा. कशालाही हात लावू नकोस."

क्रेन सोडवली. पंखा सोडवला. दिवे सोडवले. वायरीचं टोक हवेत लोंबकळत ठेवलं, तरी ब्रेकर पडला. मग मोजण्यापुरता, फक्त मोजण्यापुरता, मी तो डायरेक्ट केला आणि वायरीला चिमट्याचं मीटर लावलं.

०.२२ अँपिअर.

टोक हवेत होतं. दोनदा जाऊन बघितलं.

खडूने पॅनेलच्या दारावर हिशोब मांडला. दोनशेवीस व्होल्टला ०.२२ ने भागलं, तर हजार ओहम. हा आकडा शिकाऊ असतानाच डोक्यात बसतो. ओल्या अंगाचा माणूस वायर धरून जमिनीवर उभा असला, तर साधारण हजार ओहम.

मी खडू खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण हिशोब अर्धा टाकायची सवय नाही. दोनशेवीस गुणिले ०.२२, म्हणजे अठ्ठेचाळीस वॅट. वॅट काही हवेत विरत नाहीत. कुठेतरी काहीतरी तापणारच.

वाकून तळव्याने फळ्या चाचपत निघालो. गार. गार. बोटं बधिर झाली. मग क्रेनखाली, बटणांची पेटी लटकायची तिथे, हात कोरड्या लाकडाला लागला. कोमट होतं. तसाच आणखी एक डाग शेजारी. दोन्ही पावलांएवढे, पुरुषाच्या पावलांएवढे.

"मास येतात," सुमियाती माझ्या मागून म्हणाली. नवऱ्याला ती मास म्हणायची. "रोज याच वेळेला. त्यांची पाळी सुरू व्हायची ना. पण तुमचा ब्रेकर त्यांना लगेच हाकलून देतो."

तीन महिने गिळलेलं एकदम वर आलं.

"सुमियाती, फेब्रुवारीत हा ब्रेकर मी डायरेक्ट केला होता. मीच. वारसिदी माझ्यामुळे गेला."

ती रडेल, शिव्या देईल, गमबूट फेकून मारेल, काहीही चाललं असतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "टेपचा तुकडा तुम्ही खिशात घातलात, तेव्हा बातमी ऐकून धावत आलेली मी शिडीवरच होते. तेव्हा राग आला होता, पाक. आता नाही. आता फक्त हे डायरेक्ट तसंच राहू द्या. काढू नका."

"वेडी आहेस का? पोरीकडे बघ. घरी वाट बघत असेल ती."

"ती आजीकडे आहे," म्हणत तिने गमबूट काढले आणि अनवाणी त्या डागांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिथे धरायला काही नव्हतं. वायरीचं टोक तिच्यापासून हातभर दूर होतं. तिने नुसता उजवा हात बाजूला केला, आणि तिची बोटं कुणीतरी हातात घ्यावी तशी मिटली.

मी मीटरकडे पाहिलं.

०.४४.

म्हणजे पाचशे ओहम. दोघं जण.

"सोड! सुमियाती, सोड!" मी धावलो. गुडघा आपटला, तसाच फरफटत मेन स्विचपर्यंत गेलो आणि दांडी खाली ओढली.

कॉम्प्रेसर थांबला. अख्खा कारखाना गप्प झाला.

मीटरवर ०.४४ तसंच होतं.

"झालं का हो, पाक?" खालून हार्तोयो.

मग आकडा हलला. ०.२२.

दोघांतल्या एकानेच हात सोडला होता.

"सुमियाती," मी हाक मारली. ती पाठमोरी उभी होती. हलली नाही. पुन्हा हाक मारली, हळू.

तिच्या गार पडलेल्या पावलांखाली पांढरं हिव धरायला लागलं होतं. शेजारची दोन पावलं कोरडीच होती.