एवढं एकच काम राहिलंय

या, पण डोकं सांभाळा, ती झडप प्रत्येकाला एकदा लागतेच. शेजारी नांगर टाकलाय म्हणजे शेजारीच झालात तुम्ही, संकोच कसला? उशी इकडे सरकवते. फक्त जरा हळू बोलू या. आमचे हे मागे सुकाणूपाशी दोर गुंडाळत बसलेत, त्यांच्या कानावर नको.

ही बोट घेतली कशी, असं विचारलंत ना? मी शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मभर फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढले आणि घंटा झाली की पुसले. निवृत्त झाले त्याच दिवशी ह्यांना सांगितलं, आता खरा बघायचा, गुडघे चालताहेत तोवर. हे विमा कचेरीतले. उभ्या आयुष्यात घरात एक खिळा ठोकला नाही, बल्ब गेला तरी शेजाऱ्यांना हाक. पण माणूस भला. म्हणाले, "बघू एखादी जुनी शिडाची बोट." शीड चढवणं-उतरवणं मी शिकून घेतलं, कारण ह्यांच्याकडून ते होणार नव्हतं.

एका दुपारी आम्ही धक्क्यावर गेलो. दलालाने हीच दाखवली. बोट जुनी, पण आतलं सगळं नवं. शिडं, इंजिन, वायरी, पंप, अगदी नळाची तोटीसुद्धा. आधीचा मालक घड्याळजी होता, एकटा जीव. लांबच्या सफरीला जायचं म्हणून दुकान विकून त्याने बोट घेतली आणि दुरुस्त करत बसला. शेवटी हातात स्क्रू ड्रायव्हर असतानाच गेला बिचारा. बंदराबाहेर एकदाही पडला नाही.

"म्हणून तर नव्यासारखी राहिलीय, बाई!" दलाल म्हणाला. गडी बोलण्यात तयार होता. आम्ही घेतली.

आणि मग ती दुपार आली. धुकं इतकं दाट होतं की धक्का दिसेना. हे पाणी आणायला गेलेले, मी वर शिडाला टाका घालत बसलेली. खालून आवाज आला. टक... टक... टक. थांबला. मग कुणीतरी समाधानाने "हं" केलं... मी खाली उतरले. कुणी नाही. ओल्या दोराचा, तेलाचा आणि लवंगेचा वास. तळाची फळी उचललेली, पंप सुटा केलेला, आणि माझ्या स्टीलच्या वाटीत सगळे स्क्रू, लहानापासून मोठ्यापर्यंत नीट लावलेले. अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीच्या आधी राग आला. वाटी माझी होती.

भुतं रात्री येतात म्हणे. आमचं सकाळी कामाला लागायचं, दुपारी जेवणाला थांबायचं आणि दिवेलागणीला बंद. अंधारात बारीक स्क्रू दिसत नसणार.

निघायचा दिवस ठरवला की काहीतरी उघडून ठेवलेलं असायचंच. मी दलालाला गाठलं. त्याने आधी कानांवर हात ठेवले, मग इकडे तिकडे बघून पुटपुटला, "ते त्रास नाही हो देत... फक्त दुरुस्त करतात."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण हळूहळू आमच्या ह्यांनीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. आधी मला कौतुक वाटलं, कशाला लपवू? मग हे जेवायला वर येईनात. ओठांत स्क्रू, डोळ्याला भिंग.

"अहो, चला ना, वारा छान आहे."

"एवढं एकच काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शर्टाला लवंगेचा वास यायला लागला. ह्यांना लवंग चालत नाही हो, जीभ भाजते. म्हटलं, समुद्र तर हुकलाच, आता नवराही हातचा जातोय.

एक दिवस मी चहा घेऊन खाली गेले. हे इंजिनात डोकं घालून बसलेले. मान न वळवता म्हणाले, "ठेवा तिथे, वहिनी."

वहिनी! लग्नाच्या नवऱ्याने!

दंगेखोर वर्ग सांभाळलेली बाई मी. कप ठेवला आणि शाळेतला आवाज काढला. "भाऊजी, पुरे झालं. काम राहिलंय ना? वाटेत करा. जागा आहे, चहा वेळेवर मिळेल. पण माझा माणूस मला परत द्या." तशीच वर गेले आणि धक्क्याचे दोर सोडले. इंजिन उघडं तर उघडं. शीड चढवलं, बोट हलली.

खालून धडपडत हे वर आले. "अगं, वेड लागलं का तुला? दोर सोडायला कुणी सांगितलं?"

"अगं" म्हणाले हो! मला रडूच फुटलं.

बंदराचं तोंड ओलांडलं आणि ह्यांना बोट लागली. कठडा धरून ओकत होते. खाली कुणी नव्हतं, तरी खालूनही तसाच आवाज... मी एक बादली खाली सारली. माणुसकी म्हणून.

तेव्हापासून समुद्र बघतेय. काय सांगू, माझा खडू अगदीच चुकीचा निळा होता! बोटीत काही बिघडत नाही. हे वर, भाऊजी खाली. चहा तीन कप.

परवा मात्र वारा पिसाळला. हे घाबरून खाली गेले. थोड्या वेळाने वर आले ते थेट सुकाणूवर, आणि काय बोट सांभाळली! सकाळी सगळं शांत झाल्यावर मी हाक मारली, "अहो, चहा!"

खालून आवाज आला, "आलोच गं... एवढं एकच काम राहिलंय." आवाज ह्यांचा.

आणि हे तर माझ्या मागेच होते... सुकाणूवर. समुद्रावरची नजर न काढता त्यांनी हात पुढे केला. "द्या वहिनी, गार होईल."

दिला कप. काय करणार?

भाऊजींची सफर तर झाली, आता बंदरात परत गेलं की दोघं आपापल्या जागी येतील, कळतंय मला. माझा जीव तुटतो हो ह्यांच्यासाठी. खालची टकटक ऐकू येतेय ना? ते आमचे हे; मागे दोर गुंडाळताहेत ते भाऊजी. वळवणार आहे मी बोट, अगदी नक्की वळवणार.

या खिडकीतून समोर ते बेट दिसतंय ना, तेवढं एकच बघायचं राहिलंय.